एक्स्टेंडेड वॉरंटी: आधी गिअरबॉक्स बघा

गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपत आलीये, शोरूमवाले पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून मागे लागलेत, घ्यावी का, असं एकाने विचारलंय. साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी आणि रनिंग वर्षाला सात-आठ हजार किमी असेल, तर माझ्या मते नको. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) किंवा टर्बो इंजिन असेल तर जरूर घ्या. त्यातलं एक मोठं काम निघालं की पैसे वसूल.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, एसी दिवसभर फुल. म्हणून वॉरंटीच्या कागदात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, रेडिएटर फॅन मोटर ही नावं स्वतः शोधा. एसीचा गॅस आणि रबरी होज बरेचदा वगळलेले असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर तर धरूच नका.

क्लेम अडतो तो बहुधा सर्व्हिस चुकल्यामुळे. किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते पाळा आणि बिलं जपा. इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही गाडी दामटली आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) उडालं, तर निष्काळजीपणा म्हणून हात वर करतात. वायर कापून बाहेरून हेडलाइट बसवले असतील तर त्याने वॉरंटी अडते का, तेही आधीच विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मागा.