वरच्या डीबीला ४ ची वायर की ६ ची?

वरचा_मजला: साताऱ्याच्या घरावर मजला चढवलाय. मेन डीबीपासून (एमसीबी बसवायची पेटी) वरच्या डीबीपर्यंत अंतर २२ मीटर, सिंगल फेज. वर दीड टनाचे दोन एसी, २ किलोवॉटचा गिझर, बाकी पंखे-दिवे. वायरमन म्हणतो, ४ स्क्वेअरची (चौरस मिमी) तांब्याची ओढू, ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावू. मेहुणा म्हणतो, १० च्या खाली घेऊच नका. भिंत पुढच्या आठवड्यात बुजणार. काय करू?

सातवीस: वायरमन बरोबर आहे. एसी दोन्ही मिळून १६ अँपिअर, गिझर ९, किरकोळ ५. झाले ३०. पण सगळं एकदम लावतं कोण? आमच्या वाड्यात सात-वीसवर (२० गेजच्या सात तारांची वायर), म्हणजे आजच्या ४ च्या आसपास, आख्खं घर चाललं.

फ्यूजवाला: त्या वाड्यात एसी किती होते हो? एमसीबी असतो वायरला वाचवायला, एसीला नव्हे. भिंतीतल्या पाइपात ४ ची वायर ३० अंश तापमानाला साधारण ३२ अँपिअर पेलते, ४० अंशांना तीच २८ वर येते. म्हणजे ती तापत राहणार आणि ३२ चा एमसीबी गप्प बसणार. ४ च हवी तर २५ चा लावा. मग मे महिन्यात दोन एसी चालू असताना कुणी गिझर लावला की बसा अंधारात.

सातवीस: उगाच बागुलबुवा! ३० अँपिअरला ४ मध्ये वाटेत साडेसहा व्होल्ट कमी होतात, ६ मध्ये साडेचार. दोन व्होल्टांसाठी एवढा खर्च?

फ्यूजवाला: व्होल्टेजचं मान्य, तो मुद्दाच नाही. त्या साडेसहा व्होल्टांचे ३० अँपिअरला जवळजवळ १९५ वॉट होतात, ते भिंतीतच जिरतात. आणि जिथे स्क्रू सैल तिथे आणखी. माझ्याकडे न्यूट्रलच्या (परतीच्या वायरीच्या) पट्टीजवळ इन्सुलेशन तपकिरी होऊन बोटाने सोलून आलं. एमसीबी एकदाही पडला नव्हता.

पाइपखेच: १० सांगणाऱ्या मेहुण्याने कधी वायर ओढलीये का? २० मिमीच्या पाइपात १० च्या तीन वायरी आणि वर दोन बेंड, हाताची सालटं निघतात. वायर ६ ची, एमसीबी ३२ चा. भिंत उघडी आहे तोवर पाइप मात्र २५ चा घाला, उद्या लोड वाढला तर मोठी ओढता येईल. न्यूट्रल बारीक घेऊ नका, तिच्यातूनही तेवढाच करंट जातो.

वरचा_मजला: पाइप आजच बदलून आणला. वायर ६ ची घेतोय, लाल, काळी, हिरवी. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.