शब्दचर्चा: जनुकसंचाची 'द्विरावृत्ती' की 'द्विगुणन'? आणि 'अनुकूलन' करते कोण?

प्रश्न: राक्षसी आफ्रिकन गोगलगायीच्या जनुकसंचाविषयीचा मजकूर मराठीत आणताना दोन ठिकाणी अडलो आहे. पूर्वी कधीतरी तिचा संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला. याला 'द्विगुणन' म्हणावे की 'द्विरावृत्ती'? आणि 'गोगलगायीने जमिनीवरील जीवनाशी अनुकूलन केले' हे वाक्य योग्य ठरेल का?

उत्तर: 'द्विरावृत्ती' लिहावे. 'द्विगुणन' म्हटले की वाचक गुणाकार करू लागतो, आणि येथे तो जुळत नाही. तळ्यांत राहणाऱ्या फुप्फुसधारी गोगलगायींत गुणसूत्रांच्या साधारण 18 जोड्या असतात, तर या आफ्रिकन गोगलगायीत 31. सरळ दुप्पट असती तर 36 भरल्या असत्या. आवृत्ती निघाल्यानंतर कित्येक प्रती गळून जातात, काही गुणसूत्रे एकमेकांत मिसळतात, आणि उरते ते मूळ संचाच्या दुपटीहून कमीच. 'द्विरावृत्ती' या शब्दात प्रत निघाल्याचा अर्थ येतो, पण आजच्या आकाराबद्दल तो काहीच कबूल करत नाही.

'अनुकूलन केले' मात्र टाळावे, कारण त्या क्रियापदामुळे गोगलगायीच्या पदरी हेतू पडतो. जास्तीची प्रत अपघाताने येते. एक प्रत जुने काम सांभाळत असल्याने दुसरीत बदल झाले तरी प्राणी लगेच दगावत नाही, आणि त्या बदलांपैकी जे कोरड्या हवेत उपयोगी पडतात ते नैसर्गिक निवडीत टिकतात. म्हणून 'अनुकूलन घडले' किंवा 'होत गेले' असे लिहावे. आपल्या वृत्तपत्रांतील 'परिस्थितीशी जुळवून घेतले' हा प्रयोग तर माणसांसाठीच राखून ठेवलेला बरा.

पुरवणी: याच मजकुरात कोरड्या दिवसांतील निश्चल अवस्थेचा उल्लेख येणारच. पाऊस सरल्यावर ही गोगलगाय शंखात शिरते आणि तोंडावर चिकट स्रावाचा पडदा धरते. तो वाळून पांढरट, कागदासारखा होतो. यासाठी कोशांत 'ग्रीष्मनिद्रा' हा शब्द आढळतो, पण आपल्याकडे ही अवस्था हिवाळ्यातच सुरू होऊन पहिल्या पावसापर्यंत चालते, त्यामुळे 'ग्रीष्म' अपुरा पडतो. 2022 मध्ये लातूर, बीड भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अशा उपद्रवाविषयीच्या कृषी मार्गदर्शनात 'सुप्तावस्था' हा शब्द रुळलेला आहे, तोच घ्यावा.

आणखी एक मत: 'गोगलगायी जमिनीवर आल्या' हे विधानही सैल आहे. उदरपाद प्राण्यांच्या निरनिराळ्या शाखा जमिनीवर स्वतंत्रपणे, अनेकदा आल्या. (ज्याने 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हटले, त्याला 'उदरपाद' ही संज्ञा शिकवावी लागली नसती!) सह्याद्रीतील सायक्लोफोरस या गोगलगायीच्या शंखाला कायमचे झाकण असते; आफ्रिकन गोगलगायीला ते नाही, म्हणून तर स्रावाचा पडदा. सायक्लोफोरसची शाखा वेगळी, तिचा जमिनीवर येण्याचा मार्ग वेगळा. द्विरावृत्तीचा पुरावा तिच्या खात्यावर मांडता येणार नाही. तेव्हा वाक्य असे करावे: 'आफ्रिकन गोगलगायीच्या शाखेत जनुकसंचाची द्विरावृत्ती झाली, उरलेल्या प्रतींपैकी काहींवर निवड होत गेली, आणि त्यातून श्वसन, स्राव व पाणी राखून ठेवण्याच्या बाबतीत जमिनीवरील जीवनाशी अनुकूलन घडण्यास हातभार लागला.' यातील 'हातभार' हा शब्द गाळू नये. फुप्फुस काही या द्विरावृत्तीने दिलेले नाही, ते तळ्यांतील नातलगांकडेही आहेच.