जुनी टाइमशेअर मेंबरशिप घ्यावी का?

डोंबिवलीकर: ऑफिसातले एक सिनियर २५ वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप (एकदा पैसे भरून दरवर्षी ठरावीक दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं) विकतायत, १४ वर्षं उरलीत, निम्म्या भावात देतो म्हणतात. आम्ही चौघं शिवाय आई-बाबा, आणि सुट्टी काय ती मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. घेऊ का?

पार्लेकर: आधी मेंबरशिप कुठल्या सीझनची ते बघा! ऑफ सीझनची असेल तर मे-दिवाळी विसरा, जुलैत महाबळेश्वरला धुकं बघत बसाल. आणि वार्षिक मेंटेनन्स गेलात न गेलात भरायचाच, वर जीएसटी.

ठाणेकर: माझ्या मेव्हण्याने अशीच घेतली, ट्रान्सफर फी वेगळी निघाली आणि मागची थकबाकीही ह्याच्याच गळ्यात. कंपनीकडून नो ड्यूज (काही थकबाकी नाही असं) लेखी घ्या, मगच पैसे द्या.

डोंबिवलीकर: अरे बापरे, सीझन विचारलाच नाही मी 😅 सोमवारी कँटीनमध्ये गाठतो त्यांना.