एचसीआय की सेफ? अंबड-सातपूरच्या 30-40 व्हीएमवाल्या कारखान्यासाठी काय घ्यावं

अंबड_लिंक_रोड:
मत थेट मांडतो, झोडायचं त्यांनी झोडा. एचसीआय म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज एकाच डब्यात बसवलेली रचना, सेफ म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एक स्टोरेज करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. आधी उदाहरण ठरवून घेऊ, नाहीतर चर्चा हवेत जाते. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला ऑटो पार्ट्सचा कारखाना. 35 व्हीएम (खऱ्या सर्व्हरच्या आत चालणारे आभासी सर्व्हर), त्यात एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवर चालणारं ईआरपी (बिलं, साठा, हिशोबाचं सॉफ्टवेअर). डिझाइन विभागाच्या ड्रॉइंग फाइल्स 5-6 टीबी. जुना सॅन बॉक्स (सगळ्या सर्व्हरचं सामायिक स्टोरेज) सपोर्टबाहेर गेलेला. आयटीत माणसं दोन, त्यातला एक दिवसभर प्रिंटर आणि बारकोड स्कॅनरच्या मागे.

अशा ठिकाणी तीन नोडचं (सर्व्हरचं) तयार एचसीआय घ्यावं, सेफच्या नादी लागू नये. कारण किमतीत नाही, सपोर्टमध्ये आहे. एचसीआयमध्ये फर्मवेअर, हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि स्टोरेज यांच्या व्हर्जनचा मेळ कंपनीने आधीच तपासलेला असतो. अपडेट एकेक नोड रिकामा करत आपोआप होतं, फोन एकाच नंबरवर करायचा. सेफमध्ये डिस्कचं फर्मवेअर एकाचं, डिस्क जोडायचं एचबीए कार्ड दुसऱ्याचं, स्विच तिसऱ्याचा. लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) वाढली की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मध्ये आपला माणूस अडकतो.

सातपूर_गेट_नं_2:
"सेफच्या नादी लागू नये" हे फार सोपं करून सांगितलंत दादा. मुळात एचसीआयच्या पोटातही सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेजच असतं. प्रॉक्समॉक्सवर (ओपन सोर्स हायपरव्हायजर) सेफ चालवलं तर तेही एचसीआयच झालं. मग भांडण एवढंच उरतं की स्टोरेज कम्प्युटच्याच (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरच्या) डब्यात ठेवायचं की वेगळ्या, आणि पैसे लायसन्सला द्यायचे की माणसाला.

लायसन्सचं बघा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर ही हायपरव्हायजरची कंपनी घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. आता सगळं कोअरवर, सबस्क्रिप्शनने. सीपीयू 8 कोअरचा असला तरी 16 कोअरचे पैसे मोजायचे. तीन नोड, प्रत्येकी दोन सीपीयू, म्हणजे किमान 96 कोअरचं बिल. त्यात व्हीसॅनची (व्हीएमवेअरच्या एचसीआय स्टोरेजची) जागा पॅकेजनुसार कोअरमागे ठरावीक मिळते, वरची वेगळी विकत घ्यायची. ही मोजणी कच्च्या डिस्कवर होते, तुमच्या हाती येणाऱ्या जागेवर नाही. कोटेशनमध्ये "20 टीबी" लिहिलेलं असेल तर ते कच्चे की वापरायचे, हे लेखी विचारा.

दुसरं म्हणजे वाढ. कारखान्यात दर वर्षी वाढतात त्या फाइल्स, व्हीएम नाही. एचसीआयमध्ये जागा संपली आणि डिस्कचे स्लॉट भरलेले असले की अख्खा नोड घ्यावा लागतो. सीपीयू, रॅम, कोअरचं लायसन्स सगळं सोबत. हवी होती फक्त डिस्क.

पंचवटी_कारंजा:
दोन्ही बाजू जागेचा हिशोब सोडून बोलताहेत. तीन नोडवर सेफ घेणारे तिथेच फसतात.

तीन नोड, प्रत्येकात 3.84 टीबीच्या 4 एसएसडी धरा. कच्ची जागा 46.08 टीबी. तीन कॉपी ठेवल्या की 15.36. विक्रेता हा आकडा सांगून थांबतो. पण सेफ 85 टक्क्यांना इशारा देतं, 90 टक्क्यांवर त्या डिस्कवर नवीन बॅकफिल (दुरुस्तीसाठी हलवलेला डेटा) घेत नाही आणि 95 टक्क्यांना लिहिणंच थांबवतं. आता एक डिस्क मेली असं समजा. प्रत्येक नोडवर एक कॉपी हा नियम असल्याने मेलेल्या डिस्कचा डेटा शेजारच्या नोडवर जाऊ शकत नाही, तो त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर बसवावा लागतो. क्लस्टर 70 टक्के भरलेला असेल तर 70 गुणिले 4 भागिले 3, म्हणजे 93 टक्के. दुरुस्ती मध्येच अडकली. डिस्क एकच गेली, पण 95 ची रेघ दोन बोटांवर आली. त्या रेघेला फक्त एक डिस्क टेकली तरी अख्ख्या पूलवरचं (सगळ्या डिस्कच्या एकत्र जागेवरचं) लिहिणं अडतं, आणि सेफमध्ये सगळ्या डिस्क कधीच सारख्या भरत नाहीत.

85 च्या आत राहायचं तर भरायची मर्यादा पडते सुमारे 64 टक्के. 15.36 चे राहिले 9.8 टीबी. 46 टीबीच्या डिस्क घेऊन हातात पावणेदहा. मालकाला हा आकडा आधी सांगा, म्हणजे दोन वर्षांनी तोंड लपवावं लागणार नाही.

उपाय: तेवढ्याच जागेसाठी 3.84 च्या चार डिस्कऐवजी 1.92 च्या आठ घ्या. एक मेली तर भार सात जणांत वाटला जातो आणि सुरक्षित मर्यादा 74 टक्क्यांवर जाते. किंवा चौथा नोड घ्या. चार नोडवर एक अख्खा नोड गेला तरी क्लस्टर स्वतःला पुन्हा तीन कॉपीवर आणू शकतो. तीन नोडवर ते शक्यच नाही, नोड परत येईपर्यंत दोन कॉपीवर लटकत राहायचं.

अंबड_लिंक_रोड:
@पंचवटी_कारंजा, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. हा हिशोब किती जणांना येतो? एचसीआय विकणारी कंपनी साइझिंग टूलमध्ये एक नोड राखीव धरून आकडा देते, चुकला तर तिची जबाबदारी.

सातपूर_गेट_नं_2:
धरते, बरोबर. पण ते टूल विक्रेत्याच्या हातात असतं, आणि स्पर्धेतलं कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून डीडुप-कॉम्प्रेशनचं (डेटा दाबून जागा वाचवण्याचं) गुणोत्तर फुगवलेलं असतं. ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि स्कॅन केलेले फोटो आधीच दाबलेले असतात, त्यावर अजून काय दाबणार? साइझिंगच्या रिपोर्टमध्ये ते गुणोत्तर 1:1 करून पुन्हा प्रिंट मागा. फरक पडला तर हार्डवेअर कमी टाकलंय एवढं समजा.

आणि कंट्रोलर व्हीएमची रॅम? न्यूटॅनिक्स या एचसीआय कंपनीसारख्या रचनेत प्रत्येक नोडवर स्टोरेज सांभाळणारा कंट्रोलर व्हीएम बसतो, त्याला साधारण 32 जीबी रॅम आणि मोजके कोअर कायमचे द्यावे लागतात. तीन नोडचे मिळून 96 जीबी गेलेच.

पंचवटी_कारंजा:
सेफही काही उपाशी राहत नाही. प्रत्येक ओएसडीचं (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोग्रॅमचं) मेमरी टार्गेट मुळातच 4 जीबी असतं आणि रिकव्हरीत त्याच्याही वर जातं. नोडमागे 8 डिस्क असतील तर 45-50 जीबी बाजूला ठेवा, मॉनिटर आणि मॅनेजर (क्लस्टरवर लक्ष ठेवणारे सेफचे प्रोग्रॅम) धरून. व्हीएमना सगळी रॅम वाटून टाकली की नोड पडल्यावर नेमकं रिकव्हरीच्या वेळी ओएसडी मारले जातात, आणि एका नोडचं दुखणं दोन नोडवर जातं.

गंगापूर_रोड:
तुमच्या 35 व्हीएममध्ये विंडोज किती? वीसच्या वर असतील तर विंडोज सर्व्हर डेटासेंटर एडिशन तसंही परवडतं, कारण स्टँडर्डमध्ये सर्व्हरचे सगळे कोअर लायसन्स केले तरी दोनच व्हीएम मिळतात. आणि डेटासेंटर घेतलं की स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट (मायक्रोसॉफ्टचं एचसीआय स्टोरेज) त्यातच आहे, 2016 पासून. दोन ते 16 नोड. हा पर्याय नाशिकमध्ये कोणी कोटेशनमध्ये टाकतच नाही, कारण त्यात विक्रेत्याला वेगळं काही विकता येत नाही.

अडचण एकच. नेटवर्क कार्ड आरडीएमए (सीपीयूला न गुंतवता थेट मेमरीत डेटा पोचवणं) चालणारं आणि प्रमाणित यादीतलं हवं. स्वस्तात मिळालेलं कार्ड टाकलं की लोड आल्यावर डिस्क एकेक करून गळायला लागतात.

देवळाली_कॅम्प:
एसएसडीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सेफ संथ आहे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दुकानातल्या डेस्कटॉप एसएसडी टाकलेल्या असतात. सेफ प्रत्येक राइट डिस्कवर पक्का उतरल्यावरच होकार देतं. एंटरप्राइझ एसएसडीत वीज गेली तरी कॅश वाचवणारे कपॅसिटर असतात, त्यामुळे ती लगेच हो म्हणते. डेस्कटॉपच्या एसएसडीला प्रत्येक वेळी खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं. डब्यावर लाखभर आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) छापलेली डिस्क इथे काही शेकड्यांवर येते.

विकत घेण्याआधी एक डिस्क मागवून फिओ या चाचणीच्या प्रोग्रॅमने तपासा: 4 केबी ब्लॉक, क्यू डेप्थ 1 (एका वेळी एकच विनंती), प्रत्येक राइट सिंक. दहा मिनिटं चालवा, सुरुवातीचा आकडा धरू नका. रेड कार्डही (अनेक डिस्क मिळून एक दाखवणारं) रेड मोडमध्ये नको, डिस्क सरळ दिसू देणारं एचबीए हवं. नाहीतर कार्डाची कॅश मध्ये पडते आणि डिस्कची तब्येत वर कळत नाही.

मुसळगाव_शेड:
सिन्नरच्या बाजूने बोलतो. कागदावर कुठलाही क्लस्टर चांगलाच, खरी परीक्षा वीज गेल्यावर. तीन नोडचे यूपीएस वेगवेगळे आणि बॅटऱ्याही वेगवेगळ्या वयाच्या असतील तर नोड एकाच वेळी न पडता दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पडतात. चार-पाच नोडच्या सेफवर ओएसडी 600 सेकंद दिसला नाही की तो बाद धरून क्लस्टर डेटा हलवायला लागतं. म्हणजे बॅटरी संपत असताना सगळ्या डिस्क फुल लोडवर! महावितरणचं शटडाऊन आधी कळलेलं असेल तर क्रम ठरलेला ठेवा: आधी व्हीएम बंद, मग नोआउट, नोबॅकफिल, नोरिबॅलन्स हे डेटा आपोआप हलवणं थांबवणारे फ्लॅग, मग ओएसडीचे नोड, मॉनिटर सगळ्यात शेवटी. चालू करताना उलटं. फ्लॅग काढायला विसरलात तर पुढे डिस्क मेली तरी दुरुस्ती सुरूच होत नाही आणि हेल्थ नुसती पिवळी दिसत राहते. पिवळ्याकडे पंधरा दिवसांनी कोणी बघत नाही.

स्विचचंही तसंच. दोन स्विच स्टॅक केले (जोडून एकच स्विच केला) म्हणजे रिडंडन्सी आली असं समजतात. पण बऱ्याच स्टॅकमध्ये फर्मवेअर अपडेटला दोन्ही एकदम रीबूट होतात आणि स्टोरेजचं नेटवर्क अख्खं जातं. एचसीआय असो की सेफ, दोघंही त्यात सारखेच मरतात. एमलॅग (स्वतंत्र राहणाऱ्या दोन स्विचवर एकच जोड) घ्या, किंवा स्वतंत्र स्विचवर दोन वेगळे मार्ग ठेवा.

पंचवटी_कारंजा:
तीनच नोड असतील तर स्टोरेजसाठी स्विचच नको. प्रत्येक नोडला 25 गिगाबिटचं दोन पोर्टचं कार्ड आणि एकूण तीन डॅक (तांब्याच्या थेट जोडणीच्या) केबल, नोड एकमेकांना थेट जोडलेले. स्विचचे पैसे वाचतात, बिघडायची एक जागाही कमी होते. चौथा नोड आला की मात्र स्विच घ्यावाच लागतो.

जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) लावणार असाल तर 8972 बाइटचं पिंग, तुकडे न करता, प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला मारून बघा. एका पोर्टवर नेहमीचं 1500 राहिलं की साधं पिंग चालतं, लॉगिन चालतं, आणि मोठा राइट आला की लटकतं. आणि घड्याळ: मॉनिटरांमध्ये 0.05 सेकंदांचा फरक पडला तरी सेफ कुरकुरतं. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायचीच आहेत, तेव्हा एका कामात दोन कामं होतात. त्याच निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंय. ती जागाही हिशोबात धरा.

भगूर_नाका:
एवढं सगळं 35 व्हीएमसाठी? दोन चांगले सर्व्हर घ्या, दोन्हींवर झेडएफएस फाइल सिस्टिम, प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी) दर 15 मिनिटांनी. क्लस्टर स्टोरेजच नको. विषय संपला.

गंगापूर_रोड:
विषय तिथेच सुरू होतो भाऊ. 15 मिनिटांत ईआरपीमधून चार इनव्हॉइस निघाली. 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. सरकारी पोर्टलवर आयआरएन (इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) तयार, ई-वे बिल घेऊन गाडी घोटीच्या पुढे, आणि तुमचं ईआरपी 15 मिनिटं मागे. त्याच नंबरचं इनव्हॉइस पुन्हा करायला गेलात की पोर्टल डुप्लिकेट म्हणून नाकारतं. अकाउंट्सवाले तुम्हाला सोडतील का?

भगूर_नाका:
मान्य, ईआरपीला 15 मिनिटं चालणार नाहीत. पण त्यासाठी 35 व्हीएमचं स्टोरेज कशाला महाग करायचं? एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डमध्येच बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची चालती कॉपी) मिळतो, 2016 पासून. दोन सर्व्हरवर दोन एसक्यूएल व्हीएम, सिंक्रोनस (दोन्हीकडे एकदम लिहिणारे). एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस बसतो, म्हणून तीन डेटाबेस असतील तर तीन ग्रुप करा. लॉगिन आणि एसक्यूएल एजंटचे जॉब आपोआप जात नाहीत, ते दुसऱ्या बाजूला हाताने ठेवावे लागतात. फेलओव्हरनंतर (काम दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावर) "लॉगिन फेल्ड" येतं ते याचमुळे. बाकी फाइल सर्व्हर, प्रिंट सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर यांना 15 मिनिटं मागे गेल्याने काही बिघडत नाही.

अंबड_लिंक_रोड:
हा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी तीन नोडच्या एचसीआयचं मत सोडत नाही, कारण एसक्यूएलचा फेलओव्हर सांभाळणारा माणूसही लागतोच. पण ऑर्डरमध्ये मी एक अट घालीन: शेवटचे 20 टक्के पैसे चाचणीनंतर. ईआरपीसारखा लोड चालू ठेवून विक्रेत्याच्या माणसाने एक डिस्क ओढायची, मग ती भरून आल्यावर एका नोडची केबल काढायची, मग एक स्विच बंद करायचा. प्रत्येक वेळी किती सेकंद लिहिणं थांबलं आणि दुरुस्तीला किती तास लागले, हे सहीनिशी. सपोर्ट चार तासांचा घेणार असाल तर पार्ट कुठल्या डेपोतून येतो तेही लिहून घ्या. मुंबईहून येणार असेल तर मध्ये कसारा घाट आहे, पावसाळ्यात चार तास कागदावरच राहतात.

मुसळगाव_शेड:
चाचणीत दुरुस्तीचा वेग दिवसा कामाच्या वेळीच मोजा. 8 टीबी डेटा 500 एमबी प्रति सेकंदाने भरायला साडेचार तास लागतात, पण तेवढा वेग दिला तर ईआरपी रांगायला लागतं. वेग कमी ठेवला तर तेच काम दुसऱ्या दिवसावर जातं.

एक प्रश्न. दोन नोडचं व्हीसॅन घेऊन एक नोड अंबडला आणि एक सिन्नरला ठेवला तर?

पंचवटी_कारंजा:
नको. दोन डेटा नोडमध्ये येण्याजाण्याची लेटन्सी 5 मिलिसेकंदांच्या आत लागते, आणि प्रत्येक राइट त्या लाइनवरून जाऊन परत येईपर्यंत ईआरपी थांबतं. लीज लाइन तुटली की सिन्नर एकटं पडतं. दोन्ही नोड अंबडलाच ठेवा आणि फक्त विटनेस (दोघांचा संपर्क तुटला की कोणी चालू राहायचं हे ठरवणारा तिसरा) सिन्नरला. विटनेसला 500 मिलिसेकंदांपर्यंत चालतं आणि डेटा जवळजवळ जातच नाही, त्यामुळे साधी लाइनही पुरते. फक्त तो विटनेस सिन्नरच्या वेगळ्या मशीनवर हवा. जागा नाही म्हणून त्याच दोन नोडवर व्हीएम करून ठेवलात तर ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्याच दिवशी तोही बंद असेल.