पिस्टन कॉस्टिकमध्ये बुडवू नका!

खोललेलं_इंजिन
परवा एकाने कमी खर्चात इंजिन बांधायचा सल्ला दिला: पिस्टन रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका, सकाळी ग्राइंडरला वायरब्रश लावून घासा, काजळी साफ. वाचून डोकं फिरलं. वर लोकांनी आभारही मानलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अहो, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. ते बुडबुडे काजळी सुटल्याचे नाहीत, हायड्रोजन निघतोय आणि तो पेट घेतो. सकाळी रिंगच्या खाचा रुंद, गजन पिनचं (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचं) भोक सैल. मग नवा पिस्टन आणा. बचत कुठे झाली?

रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये दोन-तीन दिवस भिजू द्या. मग लाकडाची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी, आणि पितळी ब्रश. तेवढ्याने न निघालेली काजळी पुन्हा भिजवा. बोटं दुखतील, पण पिस्टन वाचेल.

टूस्ट्रोक_काका
कॉस्टिकला सरसकट नावं ठेवू नका. टू-स्ट्रोकचे सायलेन्सर आम्ही वर्षानुवर्षं कॉस्टिकनेच साफ केले. तेलकट काजळी त्याच्याशिवाय सुटतच नाही.

खोललेलं_इंजिन
काका, सायलेन्सर लोखंडी. त्याला कॉस्टिक चालतं, मान्य. मी पिस्टनबद्दल बोलतोय.

लेथवरचा
धागाकर्त्याशी सहमत, पण खरा घात वायरब्रशपेक्षा ग्राइंडरला लावायच्या खरखरीत गोल पॅडने होतो, त्याबद्दल कोणी बोलतच नाही. मी हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) गॅस्केटची बाजू ब्लॉकवर ठेवूनच पॅडने चकाचक केली होती. पॅडमधली ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी तेलाच्या वाटांत गेली. ती बेअरिंगच्या मऊ थरात रुतते आणि क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) कानशीसारखी घासते. नवे बेअरिंग महिनाभरात गेले. क्रँक पुन्हा ग्राइंड करावा लागला. तेव्हापासून पॅड घरात ठेवत नाही.

रॉकेलवाला
रिंगच्या खाचांचं काय? मी जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने खरवडतो. फुकट हत्यार, मापही तेच.

लेथवरचा
रिंग कडक, खाच मऊ. टोक जरा तिरकं गेलं की खाचेची कड खरवडली जाते आणि तिथून गॅस खाली उतरते. आधी टोक घासून बोथट करा, मग हलक्या हाताने फिरवा. आणि ऑइल रिंगच्या मागची बारीक भोकं विसरू नका. ती बुजलेली राहिली तर नव्या रिंगा घालूनही गाडी तेल पिणार.

पानाबहाद्दर
एवढा खटाटोप कशाला? माझे वडील चालू इंजिनच्या कार्बोरेटरमधून थोडं थोडं पाणी सोडायचे. वाफ होते, काजळी तडकते, सायलेन्सरमधून बाहेर. हेडला हात लावायची गरज नाही.

लेथवरचा
असले सल्ले देऊ नका! पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये जरा जास्त गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मी वाकलेला रॉड हातात धरलाय.

पानाबहाद्दर
तुम्ही हातात धरलात म्हणून वडिलांची तीस वर्षं खोटी? हेड गॅस्केट गळणारं इंजिन उघडून बघा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं, त्याचाच पिस्टन धुतल्यासारखा लख्ख असतो. डोळ्यांनी दिसणारी गोष्ट नाकारताय.

रॉकेलवाला
पिस्टन लख्ख असतो हे खरं. पण सुटलेला तुकडा एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली अडकला तर कॉम्प्रेशन गेलं. माझ्या गाडीत तसंच झालं, शेवटी हेड उतरवलंच. आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर जी काजळी बसते, तिला पेट्रोल धुतच नाही. तिथे अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेने मारतात. धातूला इजा नाही.

पानाबहाद्दर
आता अक्रोड! पण पाण्याने साफ होतं की नाही, एवढं एका शब्दात सांगा.

लेथवरचा
होतं. फवाऱ्याने, गरम इंजिनवर, रेस वाढवून, आणि हात आवरता आला तर. एवढंच मान्य करतो. पण रीबिल्डला हेड उतरलेलंच असतं, तिथे पाण्याचा विषय येतोच कुठे?

पानाबहाद्दर
हेच आधी मान्य केलं असतं तर मी आवाज चढवला नसता.

बजेट_बांधणी
कॉस्टिकचा तो सल्ला माझाच. वाईट वाटलं, कारण मी खरंच मदतीसाठी लिहिलं होतं. पिस्टन दिसायला ठीक होते, म्हणून लिहिलं. आज नवी रिंग खाचेत बसवून फट मोजायला फीलर गेज लावला. मर्यादा ०.१० मिमीची, आणि ०.२० ची पट्टी सहज आत गेली. पिस्टन नवे घेतोय. सल्ला मागे घेतला. पण व्हॉल्व्हवरची काजळी मी वायरब्रशनेच काढणार, ते सोडणार नाही.

खोललेलं_इंजिन
व्हॉल्व्ह पोलादी, तिथे कोणाची हरकत नाही. फक्त सीटला, म्हणजे हेडमधल्या बैठकीला, टेकणारी कड आणि दांडा ब्रशपासून लांब ठेवा. आणि काढताना कोणता व्हॉल्व्ह कुठला ते पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने लावून ठेवा, नाहीतर पुन्हा सगळे लॅप करावे लागतील, म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासून बसवावे लागतील.

बजेट_बांधणी
क्रम आधीच चुकलाय. लॅपिंग पेस्ट बारीक घेऊ की जाड?

लेथवरचा
सीटला खड्डे असतील तर आधी जाड, मग बारीक. नसतील तर फक्त बारीक. झाल्यावर पेस्ट रॉकेलने धुवा, गाइडच्या (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीच्या) आतूनही. कण राहिला तर तोही कानशीचंच काम करतो.