घरच्या प्रार्थनेत टोमणे मारतात, काय करायचं?

खानापूरची_सून:
सर्वांना सलाम. आमच्या घरी रोज रात्री जेवणाआधी कुटुंब प्रार्थना असते, सासूबाईंनी लावलेली पद्धत, लग्न होऊन आल्यापासून बघूलोय, कधी चुकत नाही, त्याचं कौतुकच आहे मला. पण हल्ली प्रार्थना कमी आणि तक्रारी जास्त. डोळे मिटले की सुरू, प्रभू ह्या पोराच्या हातातला मोबाईल तूच काढून घे, एसएसएलसीला (दहावीला) ह्याला अक्कल दे. मग माझी पाळी, देवा घरातल्यांना लवकर उठायची सवय लाव. अहो मी पहाटे उठून दोन डबे करून बस पकडते! पण डोळे मिटलेले असताना उलटं बोलणार कसं, वर शेवटी आमेन पण म्हणावं लागतं 😅 मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, सेकंड शिफ्ट असली की घरात नसतात, असले तरी गप्प. आता मुलगा म्हणूलाय मी बसणारच नाही, देवाला सांगायचं ते देवाला सांगा, मला कशाला ऐकवताय. पोराचं फार चुकतंय असं मला तरी वाटत नाही. सासूबाईंना न दुखवता कसं मिटवायचं हे?

कॅम्पातला_माणूस:
आमेनचं वाचून हसूलोय ताई, आमच्या आज्जीची पण हीच तऱ्हा होती, सगळ्या घराची चुगली देवाकडे. बायबलात लूक 18 मधला दाखला आठवा, परूशी, म्हणजे नियम कडक पाळणारा धार्मिक माणूस, देवळात उभा राहून आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो हे सांगतोच, वर मागं उभ्या असलेल्या जकातदाराला, ज्याला लोक पापी समजायचे, त्याला पण प्रार्थनेत ओढतो, आणि येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. पण एक सांगतो, हा दाखला रात्री सासूबाईंच्या समोर वाचू नका, तो पण टोमणाच होईल की!

शिस्तप्रिय_बेळगावकर:
दहावीतलं पोर म्हणतंय बसणार नाही आणि तुम्ही त्याची बाजू घेताय? आमच्या घरात प्रार्थना झाल्याशिवाय ताट वाढत नव्हते. बसायलाच पाहिजे, विषय संपला.

निपाणीची_मावशी:
विषय असा संपत नसतो भाऊ. उपाशी ठेवून बसवलेलं पोर डोळे मिटून भाकरीचाच विचार करतं. टिळकांच्या घरातलं बघा, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी 1900 ला, मधली वर्षं त्या घरानं काढलीच की नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी असते.
आणि ताई, तुमच्या सासूबाईंकडून पण बोलते थोडं. दिवसभर त्यांचं ऐकतंय कोण घरात? तुम्ही कामावर, मुलगा शिफ्टला, नातू मोबाईलात. सगळे गप्प बसून ऐकतात असा वेळ त्यांना दिवसात एकच मिळतो, तो प्रार्थनेचा. मग साठलेलं सगळं तिथंच बाहेर पडणार. रविवारी उपासनेहून आल्यावर शेंगा सोलत नाहीतर तांदूळ निवडत त्यांच्याजवळ बसा अर्धा तास, त्यांना बोलू द्या, मोबाईलचं बोलतील, तुमच्या उठण्याचं बोलतील, तेव्हा तुम्ही पण उत्तर देऊ शकता कारण डोळे उघडे असतात 😄 आमच्याकडे माझ्या सासूचं असंच हळूहळू कमी झालं, एकदम नाही, सणावाराला अजून एखादा सुटतोच.

चिकोडीचा_पोरगा:
मावशींना शंभर मार्क. आमच्या घरात चर्चच्या पाळकसाहेबांनी एक पद्धत घालून दिली. मागणं स्वतःपुरतं मागायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं तर फक्त आभारासाठी. याकोब 5:16 मध्ये तसंच आहे बघा, एकमेकांजवळ आपापली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, दुसऱ्याची पापं वाचून दाखवा असं कुठंच नाही. पहिले चार दिवस आमच्या बाबांना आईचे आभार कशाबद्दल मानायचे तेच सुचेना, शेवटी म्हणाले आमटीबद्दल धन्यवाद प्रभू, आणि सगळी हसूलीत, आमेन म्हणायचंच राहिलं. शिवाय वाचन पाळीपाळीने, आणि लहान. स्तोत्र 117 दोनच ओव्यांचं आहे, तिथनं सुरू करा, 119 ला हात लावू नका, 176 ओव्या आहेत, पोरगं घर सोडून जाईल. तुमचा मुलगा कुठल्या माध्यमात आहे? मराठी वाचताना अडखळत असेल तर कन्नडमधनं वाचू दे की, माझा धाकटा भाऊ तसंच वाचतो.

शिस्तप्रिय_बेळगावकर:
लहान वाचनाचं पटलं. पण ह्यात बाप कुठं आहे? इफिस 6:4 सरळ बापांना उद्देशून लिहिलंय, मुलांना चिडीला आणू नका आणि प्रभूच्या शिस्तीत वाढवा, दोन्ही एकाच वचनात. मोबाईलचं बापानं दुपारी पोराशी बोलावं, म्हणजे आज्जीला रात्री बोलायची गरजच राहत नाही.

खानापूरची_सून:
सगळ्यांचे आभार. मुलगा कन्नड माध्यमातच आहे, मराठी वाचताना लाजतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई चंदगडकडच्या, त्यांना कन्नड बाजारापुरतंच येतंय, पण नातू वाचूलाय म्हटल्यावर ऐकतील. शेंगा ह्या रविवारीच घेऊन बसते. आभाराची पद्धत मात्र मी नाही सांगणार, सुनेनं सांगितलं की बिघडतंय, पाळकसाहेब घरी येतील तेव्हा त्यांच्याकडून वदवून घेते. आता मिस्टरांचं तोंड कसं उघडायचं तेवढं सांगा कुणीतरी, पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे त्यांना.