पॉवर सप्लाय आणि यूपीएस

गेमिंग पीसी जुळवताना बजेटमधला मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या, हा या चर्चेतला सल्ला पटला, पण 'पॉवर सप्लाय (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) कुठलाही चालतो' हे गोव्यात तरी खरं नाही. आमच्या फोंड्याकडे पावसाळा लागला की वीज दिवसातून कितीदा जाते-येते, विचारू नका.

यूपीएसचा, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर पीसी थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या उपकरणाचा, विषय तर इथे कोणी काढलाच नाही. सर्रास मिळणारा 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसवर छापलेली क्षमता) यूपीएस प्रत्यक्षात साधारण 360 वॉटच देतो. रायझन 5 5600 प्रोसेसर आणि 115 वॉटचं आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड मॉनिटरसकट त्यात आरामात बसतं. कार्ड 200 वॉटच्या वर गेलं, की ऐन गेममध्ये वीज गेल्यावर यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद. मग तो घेऊन उपयोग काय? कार्ड ठरवतानाच यूपीएसचे पैसे बाजूला काढा. रंगीत दिव्यांचे आरजीबी पंखे काय, चतुर्थीनंतरही बसवता येतील.